कोणाच्या हुकमानं?

भिलाईच्या मराठी घरांत इतिहास दोन वाटांनी आला. एक वाट जुनी. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आणि तिच्या मागोमाग वसुलीच्या कारकुनीबरोबर जी घराणी रतनपूर-रायपूरकडे आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांची. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांची वस्ती अजून आहे. दुसरी वाट पोलादाची. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, दुर्गजवळ कारखाना उभा राहू लागला आणि वर्धा, नागपूर, भंडारा, अमरावतीकडची मॅट्रिक झालेली पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन दुर्ग स्टेशनावर उतरू लागली. माझी आजी पहिल्या वाटेची, आजोबा दुसऱ्या. उन्हाळ्यात सेक्टरमधल्या क्वार्टरच्या अंगणात खाटा पडल्या की आम्हा नातवंडांना दोन्हीकडच्या गोष्टी ऐकायला मिळत. तेव्हा त्या वेगवेगळ्या वाटायच्या. आता वाटतं, दोघं एकच गोष्ट सांगत होती. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला जाब कुणी विचारायचा, आणि विचारलाच तर त्यानं उत्तर दिलंच पाहिजे अशी व्यवस्था कशी लावायची, याची ती गोष्ट होती.

आजीच्या माहेरी बिंबाजी भोसल्यांचं नाव आदरानं घेत. 1758 पासून 1787 मध्ये वारेपर्यंत ते रतनपूरला राहिले, इथल्या माणसांत राहिले. रतनपूरच्या टेकडीवरचं रामाचं देऊळ त्यांनीच बांधलं. त्यांच्यामागे छत्तीसगड व्यंकोजी भोसल्यांकडे आलं. ते नागपुरातच राहिले आणि इथला कारभार सुभ्यावर, म्हणजे सुभेदारावर, सोपवला. तिथपासून आजीचा स्वर बदलायचा. तिच्या घराण्यातलं कुणीसं या सुभ्याच्या दप्तरात लिहिणारं होतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की सुभ्यानं नागपूरला इतकी रक्कम पोचवायची आणि ती कशी गोळा केली हे त्याला कुणी विचारायचं नाही. आम्ही विचारायचो, "मग लोक तक्रार कुठे करायचे?" आजी म्हणायची, "सुभ्याकडे." "आणि सुभ्याचीच तक्रार असली तर?" "तर पण सुभ्याकडेच." एवढं बोलून ती गप्प व्हायची.

1818 नंतर इंग्रजांचा अधिकारी ॲग्न्यू इथे आला. त्याच्या अहवालात सुभ्यांच्या काळातल्या वसुलीच्या जुलमाची नोंद आहे. परक्यानं लिहिलेलं म्हणून त्यातलं थोडं वजा धरावं. पण आमच्या घरातली आठवण त्याच्याशी जुळते, आणि ही आठवण सोसणाऱ्यांच्या घरातली नाही, वसूल करणाऱ्यांच्या घरातली आहे. महाराष्ट्रात मराठी राज्याचा अभिमान सांगताना छत्तीसगडातली ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी. सत्ता आपल्या माणसाच्या हाती आहे, एवढ्यानं भागत नाही.

इंग्रजी अमलात कायदा आला, कोर्ट आलं, वकील आले. तरी कायद्याच्या वर काहीच नव्हतं. सरकार करील तो कायदा, आणि त्या कायद्याविरुद्ध दाद मागायला जागा नाही. आजीचे वडील या संदर्भात माधवराव सप्र्यांची हकीगत सांगत. सप्रे मराठी घरातले, जन्म दमोह जिल्ह्यातला, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे. 1900 साली वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकरांना सोबत घेऊन त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं. हिंदी पत्रकारितेत त्याचं नाव आजही मानानं घेतात. पुढे नागपूरहून 'हिंदी केसरी' काढून ते टिळकांचा विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचवू लागले. 1908 च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि ऑगस्टमध्ये त्याच 124अ कलमाखाली सप्र्यांना धरलं. घरच्यांच्या दबावामुळे त्यांनी माफी लिहून दिली आणि सुटले. ती माफी त्यांना जन्मभर सलली. रायपूरला ते विरक्तासारखे राहिले, दासबोध हिंदीत आणला, पुढे गीतारहस्यही. पणजोबांनी उतारवयातले सप्रे पाहिले होते. ते म्हणत, त्या माणसाला मोडायला फटके लागले नाहीत, एक कलम पुरलं.

1920 साली धमतरीजवळच्या कंडेलमध्ये कालव्याचं पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारनं गावकऱ्यांवर सामुदायिक दंड बसवला, गुरंढोरं जप्त केली. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले यांनी सत्याग्रह उभा केला. गांधीजी रायपूरकडे येणार म्हटल्यावर दंड मागे घेतला गेला. विजय झालाच. पण गांधीजी काही प्रत्येक गावाला येऊ शकत नव्हते. ज्या गावात कुणी येणार नाही, त्या गावाला दाद मिळायची तर ती लिहून ठेवलेली असावी लागते.

ती 26 जानेवारी 1950 पासून लिहिलेली आहे. राज्यघटनेशी आमच्या भागाचं नातं जवळचं आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. संविधानाच्या हिंदी अनुवादासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुखही तेच. त्या वेळी राजधानी नागपूर होती, आणि 1956 पर्यंत दुर्गच्या माणसाला विधानसभेसाठी नागपूर आणि उच्च न्यायालयासाठीही नागपूरच गाठावं लागे. याच प्रांतातून घटना समितीवर गेलेले हरी विष्णू कामत हे दुसरं नाव. हा सनदी नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला माणूस.

डिसेंबर 1948 मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं होतं, की साऱ्या घटनेचा प्राण कुठल्या एका अनुच्छेदात असेल तर तो हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अनुच्छेदात. आज आपण त्याला 32 वा म्हणतो. कारण हक्कांची यादी कुठलंही सरकार छापू शकतं. त्या यादीवर बोट ठेवून सरकारला उभं करायची जागा लागते. पण त्याच घटनेत आणखी एक तरतूद होती. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशानं हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा अधिकारच स्थगित करता येईल, अशी. ती आजचा अनुच्छेद 359. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, देश टिकतो की नाही ही भीती खरी होती. त्यामुळे तरतूद करणाऱ्यांना दोष देताना मी थोडी थांबते. कामत मात्र थांबले नाहीत. 20 ऑगस्ट 1949 रोजी ती तरतूद मंजूर झाली तेव्हा त्यांनी सभागृहात उभं राहून, हा दुःखाचा आणि लाजेचा दिवस आहे असं म्हटलं. पंचवीस वर्षं त्यांचं बोलणं अतिरेकी वाटलं असेल.

आजोबा रेल मिलमध्ये विजेच्या कामावर होते. त्यांना घटनेचे अनुच्छेद पाठ नव्हते, पण शटडाउन म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. रोलखाली माणूस उतरायच्या आधी मोटारीचा स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचे, स्विचच्या मुठीला पाटी अडकवायची: माणसं कामावर आहेत. ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. उत्पादन खोळंबलेलं असो, वरून फोन येवो, खुद्द जनरल मॅनेजर येऊन उभे राहोत, त्यांनाही त्या मुठीला हात लावता येत नाही. आजोबा म्हणत, "साहेबावर विश्वास नाही म्हणून पाटी नसते. साहेब चांगलाच असतो. खाली माणूस आहे म्हणून पाटी असते." आणीबाणीचा विषय निघाला की ते नेहमी इथूनच सुरुवात करत.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. 27 जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि समानतेच्या, जीविताच्या आणि अटकेविरुद्धच्या संरक्षणाच्या हक्कांसाठी, म्हणजे अनुच्छेद 14, 21 आणि 22 साठी, कोर्टात जाणं स्थगित झालं. मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा 1971 पासून होताच. जून संपता संपता अध्यादेश काढून त्यात बदल केला: पकडलेल्याला पकडण्याचं कारण सांगण्याची आता गरज नाही.

आमच्या रस्त्यावर, चार क्वार्टर पलीकडे एक मास्तर राहत. मी त्यांना पुढे म्हातारपणी पाहिलं, आम्ही त्यांना मास्तरकाका म्हणायचो. जुलैतल्या एका रात्री त्यांना घेऊन गेले. काकूंनी दारातच विचारलं, "कोणाच्या हुकमानं?" हुकमाचा कागद होता. त्यावर नाव होतं, कलम होतं, सही होती. कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरच्या बहुतेक घरांची दारं बंद राहिली. नोकरीवर येईल, क्वार्टर जाईल, पोरांच्या शिक्षणाचं काय होईल ही भीती सगळ्यांना होती आणि ती खोटी नव्हती. आजी मात्र संध्याकाळी पोळ्यांचा डबा घेऊन उघड्यावरून चालत त्यांच्याकडे गेली. आजोबांनी तिला आधी अडवलं होतं, हे तेच सांगत. "ही गेली म्हणून मी गेलो," म्हणत.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं नंतर जी मोजदाद केली तिच्यानुसार मिसाखाली देशभरात सुमारे 35 हजार माणसं स्थानबद्ध होती आणि भारत संरक्षण नियमांखाली आणखी 75 हजारांवर पकडली गेली होती. मास्तरकाका त्यातले एक. वर्तमानपत्रांत यातलं काही येत नव्हतं. सेन्सॉरचं खातं ज्यांच्याकडे होतं ते माहिती आणि प्रसारण मंत्री विद्याचरण शुक्ल रायपूरचे. नागपूरहून येणारा पेपर आजोबा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि रात्री अकराला रेडिओ कानाशी लावून बीबीसी ऐकत.

मग कुणीतरी सांगितलं, जबलपूरला अर्ज करा. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात, उच्च न्यायालय जबलपूरला. आजोबा आणि काकू दुर्गहून गोंदियाला गेले, तिथून बालाघाट-नैनपूरच्या बाजूनं जाणारी छोटी गाडी. नॅरोगेजची ती गाडी रात्रभर सातपुड्यातून रखडत जबलपूरला पोचायची. काकूंच्या पिशवीत हुकमाच्या कागदाची नक्कल आणि मास्तरकाकांची दोन पत्रं. जबलपूरच्या वकिलांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडे असे बरेच आले होते. हेबिअस कॉर्पस म्हणजे पकडलेल्या माणसाला आमच्यापुढे आणा आणि कोणत्या कायद्यानं धरलंत ते सांगा, असं कोर्टानं सरकारला बजावणं. आजोबांना ही कल्पना फार आवडली होती. सेक्टरमधल्या मास्तराच्या बायकोनं तीन पानांचा अर्ज करावा आणि दिल्लीच्या सरकारला उत्तर देणं भाग पडावं!

आणि जबलपूरच्या न्यायाधीशांनी खरोखर म्हटलं, की असे अर्ज ऐकता येतील. आणीबाणी असली तरी स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे की नाही एवढं आम्ही पाहू. ते एकटे नव्हते. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, राजस्थान, पंजाब-हरियाणा आणि मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ धरून एकूण नऊ उच्च न्यायालयांनी हेच मत दिलं. सरकार सगळ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जबलपूरच्या शिवकांत शुक्ल यांच्या अर्जावरून तो खटला 'एडीएम जबलपूर' या नावानं ओळखला जाऊ लागला. सर्वोच्च न्यायालयापुढे देशाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आमच्याच प्रांतातलं नाव घेऊन उभा राहिला.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैरापोटी कुणाला ठार मारलं, तरी तुमच्या म्हणण्याप्रमाणे काही उपाय नाही का? डे यांनी उत्तर दिलं, की आणीबाणी आहे तोवर नाही. हे उत्तर भर न्यायालयात दिलं गेलं. 28 एप्रिल 1976 रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश राय, न्यायमूर्ती बेग, चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. अर्ज ऐकता येणार नाहीत. खन्ना एकटे विरोधात. आपण लिहीत असलेल्या या निकालापायी सरन्यायाधीशपद जाईल, हे त्यांनी आधीच बहिणीला सांगितलं होतं. तसंच झालं. 1977 च्या जानेवारीत त्यांना डावलून बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

यशवंतराव चंद्रचूड पुण्याचे, मराठी माणूस, विद्वान. आजोबांना त्यांचं मत फार लागलं. "बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण आपला माणूस तरी..." एवढंच म्हणून ते थांबत. काकूंना निकाल कळला त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही, असं आजी सांगायची. अर्ज कोर्टात पडून राहिला. मास्तरकाका निवडणुकांच्या सुमाराला, 1977 मध्ये सुटले.

याच दिवसांत महाराष्ट्रातून येणाऱ्या काही बातम्यांनी आजोबांना धीर दिला. त्या बऱ्याच उशिरा, कुणा पाहुण्याच्या तोंडून कळत. मुंबईत वकिलांनी बंद सभागृहात घटनेतल्या नागरी स्वातंत्र्यांवर बैठक ठरवली, निवृत्त न्यायाधीश छागला आणि जे. सी. शहा बोलणार होते. पोलिसांनी परवानगी नाकारली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कांटावाला आणि तुळजापूरकर यांनी तो नकार रद्द ठरवला. मिनू मसानींच्या मासिकातले लेख सेन्सॉरनं अडवले, ते न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी मोकळे केले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. म्हणजे सर्वोच्च जागी पाटी निघाली, पण खालच्या किती जागी माणसांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली! माझ्या मते आणीबाणीच्या इतिहासाचा हा भाग शाळेत शिकवायला हवा. आपण मुलांना फक्त कोणी चूक केली तेवढं सांगतो.

मार्च 1977 मध्ये मतदान झालं. रायपुरात विद्याचरण शुक्ल पुरुषोत्तम कौशिकांकडून हरले. 21 मार्चला आणीबाणी उठली. आजोबा सांगत, सेक्टरमध्ये दिवाळीसारखं वाटत होतं.

अडीच महिनेही गेले नाहीत तोच दल्ली-राजहराची बातमी आली. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज तिथून येतं. तिथल्या खाणींत हातानं दगड फोडणाऱ्या कंत्राटी मजुरांनी बोनसच्या प्रश्नावर जुन्या संघटना सोडून नवी उभी केली, आणि आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात असलेल्या शंकर गुहा नियोगींना नेतृत्वाला बोलावलं. 2 जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना पकडून नेलं. मजुरांनी काही पोलिसांना रोखून धरलं: आमचा माणूस परत द्या. 2 आणि 3 जूनच्या गोळीबारात 11 जण मेले. केंद्रात आता जनता पक्षाचं सरकार होतं. ज्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला तेच आता राज्य करत होते. आजोबांच्या बोलण्यात इथे आजीचा सुभा यायचा. आपली माणसं सत्तेवर आली की काम झालं असं वाटतं, आणि पाटीकडे लक्ष राहत नाही. त्या मजुरांनी पुढे मेलेल्यांच्या स्मरणार्थ स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून राजहऱ्याला शहीद रुग्णालय उभारलं. 1983 पासून ते चालू आहे.

जनता राजवटीनं एक काम मात्र कायमचं करून ठेवलं. 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती. आता आणीबाणी पुकारायला मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो. 'अंतर्गत अशांतता' हे कारण चालत नाही, त्याच्या जागी सशस्त्र बंड असावं लागतं. संसदेनं महिन्याच्या आत विशेष बहुमतानं मान्यता द्यावी लागते आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद 21 आणि त्याच्या जोडीचा 20 कुठल्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाहीत. कामतांनी 1949 मध्ये जे सांगितलं, ते ऐकायला देशाला एकोणतीस वर्षं आणि हजारो माणसांचा तुरुंगवास लागला. 1977 ला कामत होशंगाबादहून लोकसभेत गेले होते, म्हणजे ही दुरुस्ती होताना ते त्या सभागृहात होते, याचं मला फार समाधान वाटतं. एडीएम जबलपूरचा निकाल मात्र 24 ऑगस्ट 2017 पर्यंत कागदोपत्री उभा होता. खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तो चुकीचा ठरवला, आणि तसं लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. तोवर आजोबा नव्हते. मी पेपरातलं कात्रण काकूंना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "मास्तर असते तर बरं झालं असतं."

मी कॉलेजात जायच्या वयाची होते तेव्हा नियोगी भिलाईत आले. इथल्या खाजगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी त्यांची लढाई चालली होती. 1991 च्या सुरुवातीला जुन्या खटल्यांत त्यांना पकडलं, उच्च न्यायालयानं जामीन दिला. म्हणजे जबलपूरची पायरी या वेळी उघडी होती. पण 28 सप्टेंबरला पहाटे हुडको वसाहतीतल्या घरी झोपेत असताना त्यांना गोळी घालून मारलं. दुर्गच्या सत्र न्यायालयानं 1997 मध्ये अनेकांना दोषी ठरवलं, उच्च न्यायालयानं 1998 मध्ये सगळ्यांना सोडलं, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला जन्मठेप दिली, बाकीचे सुटले. मधल्या काळात, 1 जुलै 1992 ला, पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, पंधराहून अधिक कामगार गेले, एक पोलीस अधिकारीही मारला गेला. त्या दिवशी भिलाईत आम्ही सगळे घरात होतो आणि आवाज ऐकत होतो. घटना होती, कोर्ट होतं, वर्तमानपत्रं मोकळी होती. तरी ते झालं. कोर्टात जाता येणं आणि वेळेवर न्याय मिळणं यांत केवढं अंतर आहे, हे माझ्या पिढीनं भिलाईत पाहिलं.

पुढचं अनेकांना ठाऊक आहे. 2010 च्या डिसेंबरात रायपूरच्या न्यायालयानं मानवी हक्क कार्यकर्ते डॉ. विनायक सेन यांना जन्मठेप दिली ती 124अ खालीच, सप्र्यांना शंभर वर्षांपूर्वी पकडलं त्याच कलमाखाली. चार महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. 5 जुलै 2011 ला त्याच न्यायालयानं आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस करण्याची छत्तीसगड सरकारची पद्धत घटनाबाह्य ठरवली. नियोगींच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या आणि कामगारांचे खटले लढता यावेत म्हणून वकील झालेल्या सुधा भारद्वाज यांना 2018 मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात पकडलं. मुंबई उच्च न्यायालयानं 1 डिसेंबर 2021 ला त्यांना जामीन दिला, कारण तपासाला मुदतवाढ देणाऱ्या पुण्याच्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता. कुणाला हे तांत्रिक कारण वाटेल. मला वाटत नाही. ज्याला अधिकार नाही त्याच्या सहीनं माणूस तुरुंगात राहू नये, यासाठीच तर काकू जबलपूरला गेल्या होत्या. तरी तीन वर्षं गेली ती गेलीच.

दुसरी बाजूही इथल्या माणसानं सांगितली पाहिजे. विद्याचरण शुक्ल 25 मे 2013 ला झीरम घाटीत नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात गोळ्या लागून जखमी झाले आणि पुढच्या महिन्यात गेले. आणीबाणीत वर्तमानपत्रांची तोंडं बंद करणारा मंत्री म्हणून आमच्या घरात त्यांच्यावर राग होता. पण आजी त्या बातमीनं रडली. बंदुकीनं न्याय करणारे खटला चालवत नाहीत, कारण सांगत नाहीत, अपील ऐकत नाहीत. त्यांच्या राज्यात सुभ्याची तक्रार सुभ्याकडेच करावी लागते. सरकारवर लगाम हवा म्हणणाऱ्यानं हेही तितक्याच जोरानं म्हणायला हवं.

आता उच्च न्यायालय बिलासपूरला आहे, 1 नोव्हेंबर 2000 पासून. भिलाईहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. आजोबांच्या त्या छोट्या गाडीच्या प्रवासापुढे हे काहीच नाही. म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुम्ही भिलाईत असा, भंडाऱ्यात असा की भिवंडीत, घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना चार गोष्टी पाठ करून घ्या. अटक करताना कारण सांगावं लागतं. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं. स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलं तर चोवीस तासांचा नियम लागू होत नाही, पण तिथेही कारणं कळवावी लागतात आणि उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली अर्ज करता येतो. आणि शेजारच्या दारात असा प्रसंग आला तर आपलं दार लावून घेऊ नका, आधी त्यांच्याकडे जा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कारखान्यातले कामगार आणि कोठडीत असलेला कुणीही यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. तसं कार्यालय प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात असतं, दुर्गलाही आहे. फोन 15100.